धर्मराज साहेबांचा सिसो

...आणि वर मलाच विचारतात, "नीलिमाबाई, आज चहा गोड का लागतोय?" अहो, गोड का लागतोय म्हणजे? साखर आहे म्हणून लागतोय! "नाही, पण रोजच्यापेक्षा जास्त गोड आहे. कुणाचं काय काम अडलंय माझ्याकडे?" आता बोला! सोमा शिपायाच्या हातून साखर जरा सैल पडली, तर ह्या माणसाला त्यात कारस्थान दिसतं. मी म्हटलं, साहेब, तसं काही नसेल हो. तर चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "नसेल. नसेलही. पण असलं तर?"

हे आमचे धर्मराज गायकर. उल्हासतीर नागरी सहकारी बँकेच्या कर्मचारी विभागाचे प्रमुख. अंबरनाथला मुख्य कार्यालय आहे आमचं, तिथं त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बसते. कुणाला नोकरीवर घ्यायचं, कुणाला वांगणी शाखेत पाठवायचं, सगळं ह्यांच्या हातात. नाव बघा, धर्मराज! महाभारतातला धर्मराज समोरच्यावर विश्वास ठेवून राज्य हरला, आणि हा आमचा धर्मराज पिकनिकला लुडो खेळतानासुद्धा फासा खिडकीशी नेऊन उजेडात बघतो. तुम्हाला सांगते, माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला मी पेढे वाटले तर म्हणाले, "गेल्या वर्षी नव्हते वाटले. यंदाच का?"

तर अशा माणसाच्या गळ्यात काम काय पडलं? तर बँकेसाठी सिसो शोधा!

सिसो म्हणजे सी-आय-एस-ओ. सोमाला वाटलं बागेतली ती फळी, एकानं बसायचं, दुसऱ्यानं वर जायचं. तसं नाही. सिसो म्हणजे बँकेच्या कॉम्प्युटरांचा मोठा राखणदार. लोकांची खाती, त्यांची माहिती, ह्याच्यावर कुणी डल्ला मारू नये म्हणून नेमलेला अधिकारी. आणि मारलाच, तर वरच्यांना उत्तर देणारा पण तोच. तपासणीला अधिकारी आले होते, त्यांनी विचारलं, हा माणूस कुठाय तुमचा? आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. ते म्हणाले, पुढच्या तपासणीच्या आत नेमा, नाहीतर नवीन शाखा विसरा.

आमचे अध्यक्ष भाऊसाहेब केणे म्हणाले, "धर्मा, कुणीही आण, पण लवकर आण. शिकलेला असावा, आणि सही सुटसुटीत असावी." आम्ही हसलो. धर्मराज साहेबपण हसले. एक लक्षात घ्या, हा माणूस चहावर संशय घेईल, पेढ्यावर घेईल, पण भाऊसाहेबांवर नाही. मोरिवलीची ह्यांची शेती कारखान्यात गेली, पाठोपाठ वडील गेले, तेव्हा ह्या पोराला बँकेत चिकटवला तो भाऊसाहेबांनी. तेवढी एक जागा सोडून बाकी सगळ्या जगावर संशय!

मग सुरू झाल्या मुलाखती. पहिला उमेदवार कॉम्प्युटरवरच आला, व्हिडिओ कॉलवर. कोट, टाय, मागं पुस्तकांची भिंत. प्रश्न विचारला की हा आधी ओठ हलवायचा आणि आवाज मागाहून यायचा. मला वाटलं नेटवर्क असेल. साहेब पुढं झुकले, म्हणाले, "जरा उठून खिडकी उघडता का? उजेड कमी आहे." आणि तुम्हाला सांगते, त्याच्या टेबलाखालून दुसराच आवाज आला, "कुठली विंडो सर, ब्राउझरची का?" गेला! उत्तरं देणारा खाली बसलेला, नोकरी मागणारा वर बसलेला. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही टेबलाखाली मीच होते.

दुसरा मोठा माणूस. पुण्याहून आला, स्वतःची गाडी, खिशाला दोन पेनं. प्रत्येक उत्तराला एकच पालुपद, "सर, झीरो ट्रस्ट! आमच्या क्षेत्राचं तत्त्वच आहे. आत असो, बाहेर असो, कुणावरच विश्वास ठेवायचा नाही." अहो, साहेबांचे डोळे पाणावले! जन्मभर ज्याची वाट बघितली तो जिवलग समोर येऊन बसला! मला वाटलं, झालं, नेमणूक झाली, आता मी चार वाजताची घरी. तो खाली उतरून गाडीत बसायच्या आत साहेबांचा चेहरा बदलला. "नीलिमाबाई, जो स्वतःच सांगतो कुणावर विश्वास ठेवू नका, त्याच्यावर मी कसा ठेवू?" मी म्हटलं, चांगला होता हो. म्हणाले, "असेल. पण नसला तर?"

तिसरा सनी. भाऊसाहेबांचा पुतण्या. बँकेचे सगळे कॉम्प्युटर ह्याच्याच उल्हासनगरच्या दुकानातून आलेले, दुरुस्तीलाही ह्याचीच माणसं. कुठूनतरी घरबसल्या सर्टिफिकेट आणलेलं. तुम्ही हल्ला झाला तर काय कराल? "हो सर." अहवाल वेळेवर द्याल? "हंड्रेड परसेंट सर." वरून दबाव आला तर? "येऊ द्या ना सर, टेन्शन नाय." आणि साहेब काय म्हणाले असतील? "मुलगा घरचा आहे." घरचा! अहो, पेढ्यावर संशय आणि ह्याच्यावर नाही? मी हळूच म्हटलं, साहेब, पण असलं तर? तर माझ्यावरच डोळे वटारले. "नीलिमाबाई, भाऊसाहेबांच्या घराबद्दल बोलायचं नाही."

आणि मग चौथी आली. माधवी आंबवणे. बदलापूरच्या कात्रपची. मुंबईत मोठ्या विमा कंपनीत हेच काम करणारी, वय पंचेचाळीसच्या आसपास, सुती साडी, आवाज शांत. साहेबांनी विचारलं, तिकडची नोकरी सोडून अंबरनाथला कशाला? ती म्हणाली, "सासूबाई थकल्यात, मुलगी दहावीला आहे. घराजवळ हवंय." साहेब माझ्या कानाशी, "कारण फारच खरं वाटतंय. खरी कारणं इतकी खरी नसतात."

उत्तरं सगळी नीट दिली बाईंनी. समजत नव्हतं तिथं "मला माहीत नाही, बघून सांगते" म्हणाल्या. आणि मग स्वतःच प्रश्न विचारायला लागल्या! मी अहवाल कुणाला द्यायचा? भाऊसाहेबांना की सगळ्या संचालकांना? तुमची सर्व्हरची खोली बघता येईल? आणि माझ्या आधी हे काम कोण बघत होतं, ते का गेले?

साहेबांनी सांगितलं, करण म्हणून होता, कॉम्प्युटर विभागात, दुबईला गेला. ती नुसतंच म्हणाली, "बरं."

ती गेली आणि साहेबांनी दार लावून घेतलं. "नीलिमाबाई, तुम्ही ते 'बरं' ऐकलंत? ते 'बरं' बरं नव्हतं. बाई चोर आहे."

"नसेल हो साहेब!"

"नसेलही. पण असली तर? आज सर्व्हरची खोली विचारते, उद्या तिजोरी कुठाय विचारेल. आपण तिच्या घराकडे जाऊन चौकशी करायची. तुम्ही पण चला. बाईमाणूस बरोबर असलं की लोक बोलतात."

आता सांगा, मी नोकरी कसली करते? कर्मचारी विभागाची का गुप्तहेराची? पण गेले. स्कूटरवर मागं बसून गेले, रस्त्यात दोनदा थांबून ह्यांनी मागं बघितलं, कुणी पाठलाग तर करत नाही ना! कात्रपला तिच्या इमारतीत खालच्याच मजल्यावर एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, पुतळाबाई. साहेबांनी आवाजात मध ओतला, "मावशी, आम्ही एका स्थळासंबंधी आलोय. माधवी म्हणून आहे ना इथं? मुलगी स्वभावानं कशी आहे?"

पुतळाबाईंचा हात तांदळातच राहिला. "कोण मुलगी? आंबवण्यांची माधवी? अहो, तिला दहावीतली पोर आहे! नवरा रेल्वेत आहे! कुणाचं स्थळ घेऊन आलाय तुम्ही?" आणि माझ्याकडे वळून, "आणि तू गं बाई, तुला तरी कळायला नको?" मला! मी काय केलं होतं?

तोवर आवाज ऐकून वरनं तिच्या सासूबाई खाली आल्या. काठी टेकत, शांतपणे. म्हणाल्या, "माधवी घरी नाही. अंबरनाथच्या कुठल्याशा बँकेत नोकरी धरायचा विचार आहे तिचा. तिथला कोण तो गायकर म्हणून आहे, माणूस कसा आहे ते बघायला मोरिवलीला गेलीय."

तुम्हाला सांगते, साहेबांचा चेहरा त्या तांदळासारखा झाला. हे तिच्या घरी, आणि ती ह्यांच्या घरी!

स्कूटर अशी पिटाळली, अशी पिटाळली, की मी देवाचं नाव घेत होते आणि साहेब एकच वाक्य, "बघितलंत? बघितलंत? माझी चौकशी! माझी! माणसानं माणसावर इतका संशय घ्यावा?" मी मागं बसून काय बोलणार? तोंडात हेल्मेटचा पट्टा धरून गप्प बसले.

मोरिवलीला ओट्यावर साहेबांची आई, राजाबाई, आणि समोर पाटावर माधवी, हातात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. राजाबाईंना कोण आनंद! "आला रं माजा पोरगा! ही बघ, तुजीच चवकशी करत व्हती. मी सगला सांगला तिला."

"सगळं म्हणजे काय काय, आये?"

"सगला म्हणजे सगला! तू शालंत नापास झालास तो, तुजी चांदी म्हैस मेली तवा दोन दिस जेवला नाय तो, तुजी जन्मतारीख, तुजा पोटाचा त्रास. लपवाचा कय त्याच्यान?"

माधवी हात धुवून उठली. म्हणाली, "साहेब, रागावू नका. तुमचा पासवर्ड 'चांदी' आणि पुढं जन्मसाल आहे का हो?"

साहेब म्हणाले, "नाही!" इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्यांनाही कळलं, आहे.

आणि मग ती हसली नाही. हेच मला आवडलं बघा. ती म्हणाली, "मी तुमच्यासारखीच आहे साहेब. पाय ठेवायच्या आधी जमीन चाचपून बघते. तुमच्याबद्दल सगळीकडे एकच ऐकलं, संशयी आहेत, पण हात स्वच्छ आहे. म्हणून तुम्हालाच विचारते. करण दुबईला गेला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भाऊसाहेबांनी."

"तो इथंच अंबरनाथला आनंदनगरात आहे, आमच्या कामातल्या लोकांना विचारलं की कळतं. कारखान्यात कॉम्प्युटर बघतो. चला, भेटवते."

मला वाटलं आता म्हणतील, नसेलही. पण त्यांनी स्कूटरला किक मारली.

आनंदनगरला कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर करण आला. साहेबांना बघून दचकला, नमस्कार केला. साहेबांनी विचारलं, दुबई कधी सोडलीस? तो म्हणाला, "दुबई? सर, माझा पासपोर्टसुद्धा नाही." आणि मग घडाघडा सांगितलं त्यानं. सगळ्या शाखांना एकच पासवर्ड. सनीनं दिलेली सॉफ्टवेअरं, त्यातल्या निम्म्यांचे परवाने संपलेले. लोकांची माहिती उघड्या चावडीवर पडल्यासारखी. "भाऊसाहेब म्हणाले, तपासणीला दाखवायला लिहून दे की सगळं ठीक आहे. मी म्हटलं, लिहितो, आधी ठीक करू. म्हणाले, तुझ्यानं होत नसेल तर जा. सहीसाठी राजीनामा माझ्यासमोरच ठेवला. आता सर, जो कोण सिसो येईल तो सही करेल. आणि उद्या चोरी झाली की आत कोण जाणार? सही करणारा."

सही सुटसुटीत असावी! आठवलं मला. आम्ही हसलो होतो हो त्यावर...

येताना साहेबांनी स्कूटर मधेच बाजूला घेतली. एका कारखान्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मी इतक्या वर्षांत त्यांना कधी असं टेकलेलं बघितलं नव्हतं. म्हणाले, "नीलिमाबाई, बारवी धरणाकडच्या पाड्यांवर आपण खाती उघडायला गेलो होतो ना? त्या देऊ, बाळी, सखू आणि त्यांच्या बचत गटातल्या सगळ्या जणी रांगेनं अंगठा द्यायला बसल्या. मजुरीतून बाजूला टाकलेलं, ते आपल्याकडे ठेवलं त्यांनी. मला एकीनंही एक प्रश्न विचारला नाही. आणि मी? सगळ्या जगावर संशय घेतला. एकच जागा मोकळी ठेवली होती, टेकायला. तीच नेमकी..." मी पण भाऊसाहेबांना दर दिवाळीला वाकून नमस्कार करत होते.

संचालकांची बैठक झाली, मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात. भाऊसाहेब खुर्चीत मागं रेलले, म्हणाले, "धर्मा, सनीचं नाव मांड आणि संपव."

साहेब उभे राहिले. म्हणाले, "मी माधवी आंबवणे यांचं नाव मांडतो. आणि त्या अहवाल अध्यक्षांना देणार नाहीत, थेट सगळ्या संचालकांना देतील. त्यांनी लिहिलेलं कुणी बदलायचं नाही. आणि करण दुबईला नाही. आनंदनगरला आहे. तो का गेला, हे त्याला इथं बोलावून विचारावं."

भाऊसाहेब अगदी हळू बोलले, आणि हळू बोलले की फार वाईट असतं. "धर्मा. तुला ह्या बँकेत मी आणला. तू माझ्यावर संशय घेतोस?"

"साहेब, मी सगळ्यांवर घेतो. तुमच्यावर घ्यायचा तेवढा राहून गेला होता."

मला वाटलं, गेली. साहेबांची नोकरी गेली, आणि शेजारचं टेबल म्हणून माझीपण गेली. पण आमचे एक संचालक आहेत, उल्हासनगरचे वासदेव साईं, साईं म्हणजे सिंधीत साहेब, कापडाचे व्यापारी. एरवी बैठकीत काजू खाण्यापलीकडे तोंड उघडत नाहीत. त्यांनी काजूची बशी बाजूला सारली. "साईं, एक बात बोलूं? जो अपने को ताला बेचता है, उसीको चौकीदार रखने का? और चौकीदार रिपोर्ट किसको करेगा, ताले वाले के चाचा को? मेरी दुकान में मैं ऐसा नहीं करता. इधर तो पब्लिक का पैसा है भाई." मग दुसरा बोलला, मग तिसरा. सगळ्यांच्या मनात होतं हो, तोंड कुणाला नव्हतं!

करणला बोलावलं, त्यानं जे आम्हाला सांगितलं तेच तिथं सांगितलं. माधवीबाईंची नेमणूक झाली. सनीचं कंत्राट गेलं, करण परत आला. भाऊसाहेबांनी तब्येतीचं कारण सांगून खुर्ची सोडली, आणि वासदेव साईं अध्यक्ष झाले. जाताना भाऊसाहेब धर्मराज साहेबांशी बोलले नाहीत. साहेब त्या दिवशी डबा न उघडताच घरी घेऊन गेले. मी बघितलं ते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, सगळं चांगलं झालं, मग तक्रार कसली? थांबा ना!

माधवीबाईंनी आल्या आल्या शिकवायला घेतलं. लिंक दाबू नका, अनोळखी मेल उघडू नका, विशेषतः ज्यात 'अभिनंदन' लिहिलंय तो तर नाहीच नाही. आणि परीक्षा म्हणून सगळ्यांना एक खोटा मेल पाठवला, 'दिवाळीची भेट, इथे दाबा.' सगळ्या बँकेनं दाबलं! व्यवस्थापकांनी दाबलं, करणनं दाबलं, मी तर दोनदा दाबलं, पहिल्यांदा काही आलं नाही म्हणून. न दाबणारा माणूस एकच, धर्मराज गायकर.

वासदेव साईं खूष! म्हणाले, ह्या माणसाला बढती द्या, सहायक महाव्यवस्थापक करा. पण आता सगळं नव्या पद्धतीनं, मेलवर. साहेबांना मेल आला, 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे. स्वीकारण्यासाठी आठवड्याच्या आत इथे दाबा.'

मी म्हटलं, साहेब, खरा असेल हो! ते म्हणाले, "असेलही. पण मला कोण कशाला बढती देईल?" आणि माधवीबाईंकडे घेऊन गेले. आता ती पण तसलीच! तिनं डोळे बारीक केले, म्हणाली, "पत्ता नवा दिसतोय. साईंना विचारू या का?" साहेब म्हणाले, "साईंचा फोन तरी साईंचाच असेल कशावरून?" तिला पटलं! दोघांनी मिळून तो मेल अडवून टाकला, पाठवणारा पत्ताच बंद करून टाकला, आणि एकमेकांची पाठ थोपटत बाहेर आले.

आठवडा गेला. उत्तर नाही म्हणजे माणसाला नको असेल, असं वरच्यांनी धरलं. ते ज्येष्ठता यादीत पुढच्या नावाकडे गेले, आणि मेल आता दुसऱ्या पत्त्यावरून. पुढचं नाव कुणाचं? माझं. मला मेल आला, 'अभिनंदन.' आणि माझं तुम्हाला माहीतच आहे, दिसलं की मी दाबते. दाबलं.

आता मी त्यांची साहेब. आतली केबिन मला, आणि ते बाहेर. रोज सकाळी दार ढकलून डोकावतात आणि विचारतात, "नीलिमाबाई, खरं सांगा, मला आलेला तो पहिला मेल तुम्हीच पाठवला होतात ना?" नाही हो, देवाशपथ नाही! पण त्यांना पटत नाही ते नाहीच...

आणि तुम्ही काय असे बघताय माझ्याकडे? बघा. तुम्हीसुद्धा संशय घेताय. जाऊ दे.